आधी माणूस जगू दे

मानपाडा नावाची दोन ठिकाणं ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरं डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या शेजारी, कल्याण-शीळ रस्त्यालगत. मध्ये खाडी आणि पारसिकचा डोंगर. दोन्हीकडे भातखाचरं गेली, टॉवर आले आणि टॉवरांच्या मागे चाळी तशाच राहिल्या. या सगळ्या पट्ट्यातल्या नशेच्या बातम्या एकाच साच्यात येतात : इतके ग्रॅम एमडी, खोकल्याच्या औषधाच्या इतक्या बाटल्या, इतके जण अटकेत. बातमी तिथेच संपते. तो माल ज्यांच्यासाठी आला होता ती माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे असतात, कशी असतात, याची बातमी होत नाही. ही पुस्तिका त्या दुसऱ्या दिवसाची आहे.

पुस्तिका लिहिली आहे ती पिअर कार्यकर्त्यांसाठी, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, पोलिस, शिक्षक आणि घरच्यांसाठी. पिअर म्हणजे स्वतः नशेतून गेलेला, कधी अजून पुरता बाहेर न पडलेला, पण दुसऱ्याला हात देण्याइतका सावरलेला माणूस. त्याच्या कामाला हार्म रिडक्शन म्हणतात. माणूस नशा करतो आहे तोवरही त्याला एचआयव्ही होऊ नये, हिपॅटायटिस सी होऊ नये, हात सडू नये, ओव्हरडोसने जीव जाऊ नये, एवढ्यासाठी करायची ही कामं. त्याला सोडायचं असेल तर सोडायला मदत करायची. आज सोडायचं नसेल, तर उद्या सोडायला तो शिल्लक राहील हे बघायचं.

हे ऐकून मराठी वाचक थोडा अडखळतो, ते साहजिक आहे. आपल्याकडे व्यसनाचा विचार शपथेच्या आणि बंदीच्या अंगाने होत आला. गळ्यात माळ घातली की दारू सुटते. गावच्या बायका एकत्र येतात, मतदान होतं, बाटली आडवी होते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ साली आलेली आणि २०२१ साली उठलेली दारूबंदी. या वाटेने कित्येकांचे संसार सावरले, त्यामुळे तिची टवाळी करण्याचं कारण नाही. पण या वाटेवर माणसं दोनच प्रकारची असतात : सोडलेली आणि न सोडलेली. न सोडलेल्याचं काय करायचं, याचं उत्तर तिथे मिळत नाही.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर आली. पन्नीवर पूड तापवायची आणि नळीने धूर ओढायचा. तिच्यासाठीचा ‘गर्द’ हा शब्द घराघरात गेला तो अनिल अवचटांच्या लेखनामुळे. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. तिथे बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. नव्या माणसाची टर्की चालू असताना, म्हणजे नशा बंद झाल्यावर अंग मोडून येतं, नाक गळतं, उलट्या-जुलाब होतात आणि रात्रभर डोळा लागत नाही, तेव्हा त्याच्या उशाशी बसायला तेच भोगून आलेला माणूस असायचा. बायकांसाठी ‘सहचरी’ गट झाला. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मनाच्या आजाराबद्दल उघडपणे बोलायची सवय या शहराला लागली. म्हणजे पिअर ही कल्पना आपल्याला परकी नाही. जड जाते ती पुढची पायरी : जो अजून सोडत नाही, त्याच्यासोबतही काम करायचं.

ही पायरी जगात पहिल्यांदा चढली ती नशा करणारी माणसंच. हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या हेरॉइन घेणाऱ्यांनी १९८०च्या आसपास आपली संघटना बांधली. १९८४ साली ॲमस्टरडॅममध्ये हिपॅटायटिस बी पसरण्याची धास्ती होती आणि औषधाच्या दुकानात सिरिंज मिळेना, तेव्हा तिथल्या संघटनेच्या पुढाकाराने जुनी सुई द्या, नवी न्या, असा कार्यक्रम सुरू झाला. त्याच दशकात स्कॉटलंडमधल्या एडिंबरात सिरिंज मिळू नयेत असा कडक बंदोबस्त होता. माणसं नशा करायची थांबली नाहीत, एकाच सिरिंजने भागवू लागली. १९८६च्या सुमारास तिथल्या तपासलेल्या सुई घेणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास एचआयव्हीबाधित निघाले.

आपल्या देशात हा धडा मणिपूरने शिकवला. १९८९-९० मध्ये तिथे सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही सापडू लागला आणि थोड्याच काळात तो त्यांच्यातल्या निम्म्यांपर्यंत पोचला. मणिपूर सरकारने १९९६ साली आपल्या एड्स धोरणात हार्म रिडक्शन स्वीकारलं. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून एल्ड्रेड टेलिस यांच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने रस्त्यावर राहणाऱ्या, रुळांच्या कडेला सुई घेणाऱ्या माणसांत काम सुरू केलं. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ नंतर, सुई-सिरिंज वाटप आणि ओएसटी (गर्दऐवजी देखरेखीत दिलेलं औषध) हे दोन्ही सरकारी कार्यक्रमाचे भाग झाले. मेथाडोनची चाचणी देशातल्या ज्या मोजक्या रुग्णालयांत झाली, त्यांत मुंबईचं केईएम होतं. म्हणजे ज्याला अनेक जण अजून परदेशी खूळ समजतात, ते काम मुंबईच्या लोकलच्या मार्गावर जवळपास तीन दशकांपासून चालू आहे.

ते चालतं कसं, हे या पुस्तिकेत सविस्तर आहे. इथे थोडं दाखवतो. पिअरच्या पाठीवरच्या सॅकमध्ये नव्या सुया-सिरिंज असतात, स्पिरिटचा कापूस, बँडेज, कंडोम, वापरलेल्या सुया टाकायचा जाड प्लॅस्टिकचा डबा, एक वही आणि ओळखपत्र. सरकारी हिशेबाने सुई घेणाऱ्या साधारण चाळीस जणांमागे एक पिअर धरतात. तो हॉटस्पॉटवर जातो : पुलाखाली, यार्डाच्या भिंतीमागे, बंद पडलेल्या शेडमध्ये. पोचल्यावर ‘कधी सोडणार?’ असं तो विचारत नाही. ‘जेवलास का? हात दाखव बघू,’ असं म्हणतो. हाताच्या शिरा बसल्या आहेत का, कोपराच्या आत गळू झालं आहे का, हे त्याला लांबूनच कळतं. शिरा बसल्या की माणूस जांघेत टोचायला लागतो. तिथे शिरेला चिकटूनच रोहिणी असते, चुकीच्या जागी सुई गेली तर पाय जायची पाळी येते, हे तो समोरच्याला सांगतो. गळू फुटलं असेल तर स्वच्छ करून पट्टी बांधतो आणि दुसऱ्या दिवशी ड्रॉप-इन सेंटरवर यायला लावतो. तिथे आंघोळीला पाणी असतं, दोन तास झोपायला जागा असते आणि नर्स असते. मग एक दिवस तो त्याला एचआयव्ही तपासणीला घेऊन जातो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या, रांगेतही त्याच्याबरोबर उभा राहतो. डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी आणि प्रत्यक्ष घेतलेली गोळी यांच्यामधलं अंतर या रांगेत कापलं जातं.

ओएसटी म्हणजे गर्दच्या जागी डॉक्टरच्या देखरेखीत दिलेलं औषध. बहुतेक ठिकाणी ते बुप्रेनॉर्फिन असतं. गोळी कुटून जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत नर्ससमोर बसायचं, मग तोंड उघडून दाखवायचं. बाहेर नेऊन ती टोचली जाऊ नये म्हणून ही खबरदारी. एका डोसवर जवळपास दिवसभर टर्की लागत नाही, डोकं ठिकाणावर राहतं, माणूस कामाला जाऊ शकतो. पण पहिल्या डोसात एक मेख आहे. गर्द अंगात असतानाच ही गोळी घेतली तर ती गर्दला मेंदूतल्या जागेवरून हुसकते आणि टर्की एकदम भडकते. म्हणून टर्की सुरू झाल्यावरच पहिली गोळी द्यायची. शेवटची पुडी कधी घेतली, हे माणूस डॉक्टरला खरं सांगेलच असं नाही. पिअरला सांगतो, कारण पिअरला फसवता येत नाही हे त्याला ठाऊक असतं. त्या एका खऱ्या उत्तरावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात.

ओव्हरडोसचं प्रकरण वाचकांनी दोनदा वाचावं अशी माझी विनंती आहे. सर्वांत मोठा धोका कधी असतो? माणूस काही आठवडे नशेपासून लांब राहून परत येतो तेव्हा. ठाणे मध्यवर्ती कारागृहातून किंवा कल्याणच्या आधारवाडीतून सुटलेला, किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला माणूस जुन्याच मापाने पुडी घेतो. शरीराची सवय तोवर मोडलेली असते आणि तो डोस जीव घेतो. वर दारू किंवा झोपेची ‘बटनं’ असली तर आणखी लवकर. ओठ निळे पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घोरल्यासारखा घरघर आवाज येतो, श्वास मंदावतो. अशा वेळी मिठाचं पाणी टोचू नये, दूध पाजू नये, थंड पाण्याखाली धरू नये. १०८ ला फोन करावा, श्वास बंद पडत असेल तर तोंडाने श्वास द्यावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवावं आणि एकटं सोडू नये. यावर उतारा आहे : नॅलोक्सोन. जिथे ओव्हरडोस घडू शकतो तिथल्या माणसांच्या हातात तो असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितलं. आपल्याकडे तो मुख्यतः रुग्णालयाच्या कपाटात आहे. पुलाखालच्या माणसापर्यंत तो पोचायचा तर तो पिअरच्या सॅकमध्येच असायला हवा.

आता नेहमीचा आक्षेप. सुया वाटल्याने नशेला प्रोत्साहन मिळत नाही का? चार दशकांचा जगभरचा अनुभव आणि त्यावर झालेला अभ्यास याचं उत्तर नाही असं देतो. एचआयव्ही कमी होतो, नशा करणारे वाढत नाहीत, आणि सेवेशी जोडलेला माणूस उपचाराकडे वळण्याची शक्यता वाढते. भारतात २०२१च्या पाहणीत सुईने नशा घेणाऱ्यांतलं एचआयव्हीचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होतं. सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते ०.२१ टक्के होतं. ही माणसं कुणाचे नवरे आहेत, कुणाचे मुलगे आहेत. त्यांच्या सुईचा प्रश्न त्यांच्या सुईपाशी थांबत नाही.

व्यसनमुक्ती आणि हार्म रिडक्शन यांच्यात काही जण भांडण लावतात. मला ते निरर्थक वाटतं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी आहेत, सुईने नशा घेणारे साडेआठ लाखांच्या घरात आहेत, आणि अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांची संख्या मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळतो, असंही ती पाहणी सांगते. उरलेल्या सदतीस जणांसाठी केंद्राची पायरी खूप लांब आहे. पायरीपर्यंत येईपर्यंत कुणीतरी त्यांच्यासोबत चालावं लागतं.

कायद्याचं चित्र मात्र गुंतागुंतीचं आहे. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नशा घेणं हाच गुन्हा आहे. हेरॉइनसाठी वर्षभरापर्यंत, इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याचं कलम ६४-अ म्हणतं की व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर अशा किरकोळ गुन्ह्याच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. हे कलम फार थोड्यांना ठाऊक असतं. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ प्रमाणे धोका कमी करण्यासाठी स्वच्छ सुया देणं किंवा ओएसटी देणं हा गुन्हा ठरत नाही. म्हणजे सॅकमधल्या सुयांसाठी पिअरला पकडता येत नाही. पण हे नाक्यावरच्या हवालदाराला माहीत असलं तरच त्याचा उपयोग. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली एनडीपीएस कायद्यातली सक्तीची फाशी रद्द ठरवली, ती इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या याचिकेवर. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि नशेमुळे होणारे मनोविकारही आपल्या कक्षेत घेतले, त्यामुळे साखळीने बांधून आणि मारून ‘सुधारणाऱ्या’ केंद्रांविरुद्ध दाद मागता येते. अशा केंद्रांच्या बातम्या देशभरातून येत असतात. घरच्यांनी पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद मागावा.

एका बाबतीत ही पुस्तिका प्रामाणिक आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हार्म रिडक्शनची सरकारी घडण गर्द आणि सुई समोर ठेवून झाली. ठाणे-कल्याण पट्ट्यात आज ज्याची चर्चा आहे ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन, फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आलं. ते बहुतेक जण नाकाने ओढतात. त्याच्या जागी द्यायला बुप्रेनॉर्फिनसारखं औषध नाही. सुया मोजणाऱ्या योजनेत एमडीवाला पोरगा बसत नाही. तरीही पिअरच्या हातात काही गोष्टी असतात : नोटेची नळी एकमेकांत वापरू नका, तिच्यातून रक्तावाटे हिपॅटायटिस सी जाऊ शकतो; दोन-तीन रात्री झोप नाही आणि कुणीतरी मागावर आहे असं वाटायला लागलं, तर माल बंद, पाणी, जेवण, झोप, आणि तरीही भास थांबले नाहीत तर थेट डॉक्टर; दारूत मिसळू नका; टोचायच्या वाटेला जाऊ नका. खोकल्याच्या औषधावर असलेल्याचं वेगळं. त्यात कोडीन असतं, ते अफूच्याच कुळातलं, म्हणून त्याला टर्की लागते आणि त्यावर वैद्यकीय उपचार आहेत. बायकांवरचं प्रकरण पुस्तिकेत सर्वांत लहान आहे. नशा करणारी बाई हॉटस्पॉटवर दिसत नाही आणि पुरुष पिअरशी बोलत नाही, हे त्यामागचं कारण. बाईसाठी बाई पिअर नेमल्याशिवाय ते प्रकरण मोठं होणार नाही.

शेवटी पिअरबद्दल. त्याच्या अनुभवाचं कौतुक सगळे करतात. कार्यक्रमात त्याला बोलवतात, त्याची कहाणी सांगायला लावतात, टाळ्या वाजवतात आणि महिन्याच्या शेवटी थोडंसं मानधन हातावर ठेवतात, तेही अनेकदा उशिरा. तो रोज त्याच ठिकाणी जातो जिथे त्याची स्वतःची पुडी मिळायची. ज्याला काल पट्टी बांधली तो आज मेलेला आढळतो. अशात पिअरची स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा नशेकडे वळला, तर ती त्याच्या चारित्र्याची चूक मानून त्याला काढून टाकलं जातं. कारखान्यात हात कापला तर आपण कामगाराला दोष देत नाही. इथेही नियम तोच हवा : उपचार, रजा आणि परत कामावर. त्याला प्रशिक्षण हवं, वर जायची वाट हवी, बोलायला वरिष्ठ हवा आणि निर्णयाच्या बैठकीत खुर्ची हवी.

वाचकाला एवढंच सांगणं आहे. घरात कुणी नशा करत असेल तर त्याला दाराबाहेर काढण्याआधी १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा; एचआयव्हीबद्दल विचारायचं असेल तर १०९७ आहे. हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. तुम्ही पोलिस असाल तर कलम २२ आणि कलम ६४-अ आपल्या पोलिस ठाण्याच्या भिंतीवर लावा. तुम्ही नगरसेवक असाल तर तुमच्या प्रभागात ड्रॉप-इन सेंटरला जागा देताना शेजाऱ्यांच्या तक्रारीपुढे मागे हटू नका. आणि तुमच्या हातात संस्थेचं किंवा सरकारी खात्याचं अंदाजपत्रक असेल, तर पिअरच्या नावापुढचा मानधनाचा रकाना खोडा आणि तिथे पगार लिहा.